नमुना खरा, बाटली खोटी

ठाण्यात आमच्या बिल्डिंगमध्ये एक काका होते. कुणी दुबईहून स्कॉच आणून दिली की ती सहा महिने पुरवायचे आणि रिकामी बाटली रद्दीवाल्याला देण्याआधी किल्लीने लेबल खरवडून काढायचे. खोक्यासकट बाटली दिली तर रद्दीवाला जास्त पैसे का मोजतो, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. ते बघत वाढलेल्या मी गेल्या ऑक्टोबरात साडेतीनशे डॉलर मोजून नेमकी तसलीच बाटली घरी आणली: काच खरी, आत भरलेली दारू भलतीच. हे लिहितोय कारण मंडळातले दोघं, मला ती विकली त्याच माणसाकडून घ्यायच्या बेतात आहेत असं कानावर आलं.

मी सिनसिनाटीला राहतो. ओहायोत दारूवर सरकारचा ताबा, आणि दुर्मिळ बाटल्यांसाठी सरकार चक्क लॉटरी काढतं. तीन वर्षं नाव घालतोय, एकदाही लागलं नाही. मग अशा बाटल्या परस्पर विकणाऱ्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपमध्ये शिरलो. तिथे एकाने फोटो टाकला होता: 'ब्लेंड ऑफ स्ट्रेट बर्बन्स' (बर्बन म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की), पंधरा वर्षांची, 114 प्रूफ, म्हणजे 57 टक्के अल्कोहोल.

इथे शब्दांकडे नीट बघा. 'ब्लेंड ऑफ स्ट्रेट बर्बन्स' म्हणजे सगळीच स्ट्रेट बर्बन: निदान 51 टक्के मका, आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात कमीत कमी दोन वर्षं. नुसतं 'ब्लेंडेड बर्बन' लिहिलं असेल तर प्रकरण वेगळं. त्यात 51 टक्के स्ट्रेट बर्बन असली की कायद्याचं समाधान होतं, उरलेलं साधं न्यूट्रल स्पिरिट, म्हणजे स्वतःची चव नसलेला अल्कोहोल, चालतं. ते किती टक्के आहे हे लेबलवर छापावं लागतं, पण ते शोधायला चष्मा लागतो. ती दारू वाईट असते असं नाही, कोकमध्ये छान लागते. पण तिला साडेतीनशे डॉलर कोण देईल?

नदीपलीकडे केंटकीत, एका मॉलच्या पार्किंगमध्ये भेटलो. माणूस गोड बोलणारा. खिशातून छोटी शिशी काढली, म्हणाला, आधी चाखून बघा, मग ठरवा. घोट घ्यायच्या आधीच नाकात व्हॅनिला, जळलेल्या साखरेचा पाक, जुन्या लाकडी कपाटाचा वास. एक घोट घेतला तर जीभ चरचरली आणि मग छातीत ती ऊब हळूहळू उतरत गेली, जिला तिकडे 'केंटकी हग' म्हणतात. तो नमुना अस्सल होता, आजही मला शंका नाही. गंमत तिथेच आहे. शिशी आणि बाटली यांचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मी मनानेच धरून चाललो.

पैसे ॲपवरून, 'मित्राला पाठवतोय' हा पर्याय निवडून. हे त्यानेच सुचवलं, फी वाचते म्हणून. त्या पर्यायात खरेदीदाराला कसलंच संरक्षण नसतं, हे नंतर वाचलं.

दिवाळीनंतरच्या शनिवारी चार मित्र बोलावले, मेहुणा होताच. ट्युलिपच्या आकाराचे ग्लास मांडले, बाटली फोडली. वास घेतला तर आधी नेलपॉलिश, मग पातळसा गोडवा. घोट घेतला, गिळला, संपला. मागे काहीच उरेना. मेहुणा म्हणाला, "भावजी, ही तर पाणी घातल्यासारखी लागतेय." मी त्यालाच झापलं, तुला बर्बनमधलं काय कळतं म्हणून. त्याची माफी मागायची अजून राहिलीच आहे.

आमच्यातला एक जण घरी बिअर बनवतो. त्याने बाटली जोरात हलवली आणि बुडबुड्यांकडे बघत बसला. 57 टक्क्यांच्या दारूवर मोठे बुडबुडे येतात आणि जरा वेळ टिकतात, हे दोन सेकंदांत फुटून गेले. मग तो घरी जाऊन अल्कोहोलमीटर, म्हणजे दारूत अल्कोहोल किती टक्के ते मोजायचं यंत्र, घेऊन आला. (बिअर बनवणाऱ्याकडे हे यंत्र कशाला, ते मी विचारलं नाही.) उंच नळकांड्यात दारू ओतली, काचेची कांडी सोडली. ती डुलत डुलत स्थिरावली, ती थेट 40 च्या रेघेवर. तपमानामुळे एखाददुसरा टक्का इकडेतिकडे होतो. सतरा टक्के होत नाहीत. दुसऱ्या दिवशी दुकानातून स्वस्तातली ब्लेंडेड बर्बन आणून शेजारी ठेवली आणि ग्लास न बघता चाखले. पाचांपैकी तिघांना फरक सांगता आला नाही, त्यातला एक मी.

आता बाटली उजेडात धरली तर सगळं दिसायला लागलं. मानेवरचं प्लास्टिकचं आवरण एका बाजूला चुरगळलेलं. असली कोरी आवरणं शंभराच्या पाकिटात ऑनलाइन मिळतात आणि हेअर ड्रायरने बसतात. बुचाच्या खालच्या बाजूला जुना डाग. काचेवर लेझरने कोरलेला कोड असायला हवा, तिथे बारीक ओरखडे. रिकाम्या दुर्मिळ बाटल्या ऑनलाइन चांगल्या किमतीला जातात, 'शोभेसाठी' म्हणून.

तक्रार करायची तर परवान्याशिवाय दारूची विक्री हाच मुळात गुन्हा, आणि मी तिथे खरेदीदार. पोलिसांना सांगणार काय? पैसे पाठवायच्या ॲपवाल्यांनी, तुम्हीच मित्र म्हणून पाठवलेत, एवढं सांगून हात झटकले. आणि चीड कशाची येते, तर 2018 पासून केंटकीत परवानाधारक दुकानांना लोकांच्या संग्रहातल्या जुन्या बाटल्या विकत घेऊन रीतसर विकता येतात. असं एक दुकान त्या पार्किंगपासून फार लांब नव्हतं. तिथे पावती मिळते, भांडायला एक पत्ता मिळतो. मला तीस-चाळीस डॉलर वाचवायचे होते.

परवा त्याच माणसाचा नवा फोटो दिसला: तोच काळा ग्रॅनाइटचा ओटा, सहा बाटल्या रांगेत. खाली मी लिहिलं, "मीटर घेऊन येऊ का?" दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढून टाकलं.

बाटलीतली उरलेली मेहुण्याने कोकमध्ये घालून संपवली. रिकामी बाटली कचऱ्यात टाकण्याआधी मी किल्ली घेऊन बसलो. हे लेबल काही केल्या लवकर निघत नाही.