सेंटरपे: पेन्शनमधून बिलं परस्पर भरण्याचा आमचा अनुभव

मेलबर्नमध्ये आमची एज पेन्शन, म्हणजे सरकारी वृद्धापकाळाची पेन्शन, दर पंधरवड्याला येते, गॅसचं बिल दोन महिन्यांनी आणि पाण्याचं तीन महिन्यांनी. त्यात जुलै-ऑगस्टच्या हीटरचं बिल आलं की त्या पंधरवड्यात किराण्यालाच कात्री लागायची. म्हणून गेल्या हिवाळ्याआधी वीज आणि गॅस आम्ही सेंटरपेवर टाकलं. आता वर्ष होत आलंय, तेव्हा लिहायला हरकत नाही.

सेंटरपे ही सेंटरलिंकची, म्हणजे पेन्शन आणि भत्ते देणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या सरकारी यंत्रणेची, 1998 पासूनची सोय. आपण ठरवू तेवढी रक्कम पेन्शन खात्यात यायच्या आधीच कापली जाते आणि थेट कंपनीकडे जाते. आपल्याला शुल्क नाही, सक्तीही नाही. बँकेच्या डायरेक्ट डेबिटपेक्षा मला हेच बरं वाटतं. तिथे खात्यात ऐन वेळी पैसे नसले तर वर दंड बसतो, इथे पैसे खात्यात यायच्या आधीच निघालेले असतात.

सुरू करणं सोपं आहे. मायगव्ह या सरकारी सेवांच्या ऑनलाइन खात्यातून सेंटरलिंकमध्ये जायचं, कंपनी शोधायची, बिलावरचा ग्राहक क्रमांक आणि रक्कम टाकायची. खरं काम असतं ते रक्कम ठरवण्याचं. आम्ही वर्षभराची गॅसची बिलं जेवणाच्या टेबलावर पसरली, बेरीज केली आणि 26 ने भागलं, कारण वर्षात पंधरवडे 26. उत्तर 40 डॉलरच्या आतबाहेर आलं, तेच लावलं. उन्हाळ्यात गॅस फारसा जळत नाही, पण 40 जातच राहतात. मार्चच्या बिलावर आमचेच पैसे जमा दिसत होते आणि खाली ‘भरणा करू नका’ असं छापलेलं. हिला ते पटेना, तिने मुलाला फोन करून खात्री करून घेतली! हिवाळ्यात ती शिल्लक हळूहळू जिरली आणि ऑगस्टचं बिल जाणवलंसुद्धा नाही.

आता खटकलेलं. सेंटरपेला तुमचं बिल किती आहे ते कळत नाही, ते फक्त ठरलेली रक्कम पाठवतं. दर वाढले तर रक्कम आपणच वाढवायची. मध्यंतरी आम्ही विजेची कंपनी बदलली, तेव्हा जुनी वजावट मी स्वतः मायगव्हवर जाऊन बंद केली. तरी जुन्या कंपनीकडे पडून राहिलेली शिल्लक परत मिळवायला बरेच फोन करावे लागले. प्रत्येक वेळी नवा माणूस, पुन्हा पहिल्यापासून कहाणी.

हा त्रास किती वाढू शकतो, ते कोर्टातही दिसलंय. डिसेंबर 2024 मध्ये फेडरल कोर्टाने एजीएल या ऊर्जा कंपनीला अडीच कोटी डॉलरचा दंड ठोठावला. कंपनी सोडून गेलेल्या 483 जणांच्या पेन्शन-भत्त्यांतून सेंटरपेमार्फत पैसे येतच राहिले होते. (आमची कंपनी ती नव्हे.) ज्याला हातातोंडाची गाठ घालायची आहे, त्याचेच पैसे असे अडकावेत याचा मला अजून संताप येतो. म्हणून कंपनी बदलताना नव्या कंपनीच्या ‘आम्ही सगळं बघू’वर विसंबू नका.

आणखी एक. व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्नच्या राज्यात, पेन्शनरांना मिळणारं सवलतीचं कार्ड असेल तर विजेच्या बिलात 17.5 टक्के सूट आहे, गॅसवरही तेवढीच, पण मे ते ऑक्टोबर. सेंटरपे लावलं म्हणून ही सूट आपोआप मिळत नाही. कार्डाचा नंबर कंपनीला वेगळा द्यावा लागतो आणि कंपनी बदलली की पुन्हा. आमच्या ओळखीत काहींनी तो दिलेलाच नव्हता.

ज्यांचे आईवडील इथे नव्याने आलेत त्यांना याचा लगेच उपयोग नाही, एज पेन्शनलाच साधारण दहा वर्षांचं वास्तव्य लागतं. ज्यांची सुरू झाली आहे त्यांनी आधी गॅसपासून सुरुवात करावी, चढउतार तिथेच जास्त असतो. पाण्याचं बिल आम्ही मुद्दाम बाहेर ठेवलंय. रक्कम लहान आहे आणि एखादं तरी बिल स्वतः जाऊन भरायची हिला हौस आहे.