एटीपी समजावताना: बॅटरी, सुट्टे पैसे की दाबलेली स्प्रिंग?

पेशीतली ऊर्जा आणि ती कामाच्या जागी पुरवणारा एटीपी हा रेणू शिकवायला घेतला की पहिल्याच तासाला एखादी उपमा निवडावी लागते. ती मुलांच्या डोक्यात पुढे वर्षानुवर्षं राहते, म्हणून निवड विचार करून करावी.

बॅटरी सगळ्यात सोपी. एडीपी (एक फॉस्फेट गमावलेलं एटीपी) उतरलेली, एटीपी भरलेली, पुन्हापुन्हा चार्ज होणारी. एवढं बरोबर आहे. पण बॅटरी म्हटलं की साठा डोळ्यांपुढे येतो, आणि एटीपी हा साठा नव्हेच. अंगात एका वेळी ते शंभरेक ग्रॅम असतं. दिवसभरात मात्र आपण जवळपास स्वतःच्या वजनाइतकं एटीपी घडवतो आणि खर्चतो. जिवाच्या आकांताने धावणाऱ्या स्नायूतलं एटीपी, नवं घडलंच नाही तर, दोन-तीन सेकंदांत संपेल. म्हणून मी बॅटरी सोडून दिली.

सुट्टे पैसे हे चित्र भक्कम देतात. ग्लुकोज ही मोठी नोट. पेशीतली बहुतेक कामं ती थेट घेत नाहीत. पेशीत ऑक्सिजन वापरून ती पूर्ण मोडली की साधारण 30 एटीपी हाती येतात. ग्लायकोजेन, म्हणजे ग्लुकोज जोडून केलेला साठा, हा हाताशी ठेवलेला गल्ला, तर चरबी ही मुदत ठेव. ग्रॅममागे चरबीतून 9 किलोकॅलरी मिळतात, ग्लायकोजेनमधून 4, आणि ते वर तिप्पट पाणी धरून बसतं. मग सगळी शिल्लक ठेवीतच का नाही? कारण ही ठेव मोडायला वेळ लागतो आणि ऑक्सिजन लागतोच. गल्ला ऑक्सिजनशिवायही उघडतो.

उणीव अशी की नाण्याची किंमत त्याच्यावर छापलेली असते, एटीपीची नसते. प्रयोगशाळेच्या ठरावीक प्रमाण स्थितीत एका मोलमागे (मोल म्हणजे रेणू मोजायचं एकक) 30.5 किलोज्यूल, पेशीत 50 च्या आसपास. पेशी एडीपीच्या मानाने एटीपी सतत खूप जास्त राखते, म्हणून ही किंमत टिकते. दोघांमधली अभिक्रिया समतोलाला पोचली, तर त्याच रेणूकडून काहीच काम होणार नाही.

स्प्रिंग समजवायला अवघड, पण एक हट्टी गैरसमज तीच काढते. जीवरसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ लिपमन यांच्या 1941 च्या लेखापासून ‘ऊर्जासंपन्न बंध’ हा शब्द रुळला, आणि बंध तुटला की ऊर्जा बाहेर पडते असं मुलं लिहू लागली. बंध तोडायला ऊर्जा लागते, नेहमीच. तीन फॉस्फेट एका ओळीत, त्यांच्यावर चार ऋण प्रभार, एकमेकांना ढकलणारे: ही दाबून खिट्टी लावलेली स्प्रिंग. खिट्टी पक्की असते. नुसत्या पाण्यात एटीपी बराच काळ टिकतं. विकर (अभिक्रिया वेगाने घडवणारं प्रथिन) ती काढतं, पाण्याशी नवे, अधिक स्थिर बंध जुळतात आणि हिशेबात ऊर्जा उरते.

स्नायूत हे जवळून दिसतं. एटीपी येऊन बसलं की मायोसिन या ओढणाऱ्या प्रथिनाचं डोकं ॲक्टिन या प्रथिनाच्या तंतूवरून सुटतं. एटीपी तुटताना ते मागे ताणलं जातं. खरा हिसका बसतो तो नंतर, फॉस्फेट निसटताना. एटीपी आलंच नाही तर डोकं सुटतच नाही. मृत्यूनंतर शरीर ताठरतं ते यामुळे.

रसायनशास्त्र पुढे शिकणार असलेल्या मुलांना मी स्प्रिंगच देईन. एकच तास हाताशी असेल तर सुट्टे पैसे, पण ‘मोडणे’ हा शब्द नोटेपुरता आणि ठेवीपुरताच वापरून. बंधासाठी अजिबात नाही.