विसाराचे दोन लाख आणि अडकलेलं घर

कोथरूडचं घर आम्ही १९८८ साली घेतलं. सातशे चाळीस चौरस फूट, दुसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हा दळणाचा डबा कडेवर घेऊन मी एका दमात वर यायचे. २०२४च्या पावसाळ्यात ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी जिने कमी करा म्हणून बजावलं. मुलगी नाशिकला असते. हे घर विकायचं, तिच्या जवळपास लिफ्ट असलेला वन बीएचके घ्यायचा, उरलेली रक्कम औषधपाण्याला ठेवायची, असं घरात ठरलं.

आमच्या वयाची, आमच्यासारखंच घर विकायला निघालेली माणसं आज प्रत्येक सोसायटीत आहेत. त्यांच्यावर ही वेळ येऊ नये म्हणून लाज बाजूला ठेवून सगळं लिहिते आहे.

एजंट शेजारच्या इमारतीतल्यांच्या ओळखीने आला. चाळिशीचा, बोलायला मऊ, आल्याबरोबर ह्यांच्या पाया पडला. पहिल्या दिवशी किमतीचा विषय त्याने काढलाच नाही. माळ्याकडे बघून म्हणाला, "काकू, आधी हे रिकामं करू या. भरलेल्या घराला भाव येत नाही." दुसऱ्याच दिवशी दोन पोरं घेऊन हजर. मुलांचा पाळणा, माझं शिलाई मशीन, दिवाळी अंकांचे गठ्ठे, सगळं खाली उतरलं. सासूबाईंचं पितळी घंगाळ, तीन पातेली आणि परात त्याच्याच ओळखीचा भंगारवाला घेऊन गेला. माझ्या भावाने नंतर तांबट आळीत चौकशी केली, तर जवळजवळ दुप्पट भाव सांगितला. पण मला पैशांपेक्षा त्या घंगाळाचं वाईट वाटतं. दिवाळीच्या पहाटे चाळीस वर्षं त्यातच पाणी काढलं होतं, आणि मी ते एका अनोळखी माणसाच्या घाईपायी देऊन टाकलं.

जानेवारीअखेर कपाटं गेली, पलंग गेला. त्याच्याच रंगाऱ्याने पासष्ट हजारांत रंग काढला. घरात दोन गाद्या, गॅस, फ्रिज आणि देवघर तेवढं उरलं. बोललं की आवाज घुमायचा. त्या घुमणाऱ्या घरात राहणं नकोसं झालं होतं, आणि माझ्या मते आमचं पाऊल तिथेच घसरलं. भरल्या घरात बसलेला माणूस गिऱ्हाइकाला "नाही जमत" म्हणू शकतो. आमच्या तोंडून ते निघेना.

त्यात तो रोज म्हणायचा, "काका, नाशिकचं बुक करून टाका. इथलं झालंच समजा." आम्ही बुक केलं. तिथला मोठा हप्ता मार्चअखेर भरायचा होता. ही तारीख आम्हीच त्याला चहा पिता पिता सांगितली.

फेब्रुवारीच्या मध्याला त्याने गिऱ्हाईक आणलं. आयटीत नोकरी करणारा मुलगा, बँकेचं कर्ज मंजूर, असं सांगितलं. तो मुलगा पाच मिनिटांत घर बघून निघाला. पाणी किती वाजता येतं, पार्किंग आहे का, सोसायटी रीडेव्हलपमेंटला जाणार आहे का, काहीही विचारलं नाही. पुण्यात घर घेणारा माणूस पाण्याचं विचारत नाही, हे मला तिथल्या तिथे खटकायला हवं होतं. भाव ठरला ८२ लाख. "जुनी बिल्डिंग, लिफ्ट नाही, याच्या वर कोणी जाणार नाही," हे एजंटचं म्हणणं आम्ही दुसऱ्या कुणाला न विचारता मान्य केलं.

विसार, म्हणजे सौदा ठरल्याची आगाऊ रक्कम, म्हणून दोन लाखांचा चेक मिळाला. तो त्या मुलाच्या खात्यावरचा नव्हता, कुठल्याशा फर्मचा होता. "त्याचे पैसे फिरतात, काकू," एवढं उत्तर आम्हाला पुरलं. मग नोटरीच्या टेबलाशी उभं राहून पाचशेच्या स्टॅम्पपेपरवरच्या पाच पानी समजुतीच्या करारनाम्यावर आम्ही दोघांनी सह्या केल्या. मी शिक्षिका होते, कागद मराठीत होता, तरी मी तो वाचला नाही. एजंट एकेक पान उलटत होता आणि आम्ही त्याच्या बोटाजवळ सही करत होतो.

त्याच संध्याकाळी बँकेला दाखवायचे म्हणून मूळ खरेदीखत, इंडेक्स टू (नोंदणीचा उतारा) आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट त्याने नेलं. किल्लीचा एक जोडही नेला. आमच्याकडे झेरॉक्स उरल्या.

मार्च आला, पैसे आले नाहीत. "बँकेचं व्हॅल्युएशन राहिलंय." एप्रिल, मे. नाशिकच्या हप्त्यासाठी आम्ही एफडी मोडली. आम्ही मुलीकडे गेलो की इकडे माणसं घर बघून जात होती, हे खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी सांगितलं. जूनमध्ये त्यांच्याच भाच्याला व्हॉट्सॲपवर एका फ्लॅटचे फोटो आले. फोटोत आमची गॅलरी आणि माझी तुळस. खाली भाव लिहिला होता, ९६ लाख.

त्या रात्री मी करारनामा पहिल्यांदा वाचला. सहावं कलम असं होतं: लिहून घेणार अथवा लिहून घेणार सांगतील त्या इसमाचे नावे लिहून देणार यांनी खरेदीखत करून द्यावे. लिहून घेणार तो मुलगा, लिहून देणार आम्ही. म्हणजे तो आमचं घर घेणार नव्हताच. ८२ लाखांना आम्हाला बांधून ठेवायचं, ९६ ला गिऱ्हाईक शोधायचं, आणि मधले चौदा लाख खिशात घालायचे. मुदत सहा महिने, त्यांना अडचण आली तर आपोआप आणखी तीन. आम्ही मोडलं तर विसाराच्या दुप्पट भरपाई. त्यांनी मोडलं तर काय, याबद्दल पाच पानांत एक ओळ नव्हती.

आम्ही कुलूप बदललं आणि व्यवहार करणार नाही असं कळवलं. जुलैत त्यांच्या वकिलाची नोटीस आली. आपले अशील उर्वरित रक्कम द्यायला तयार असून लिहून देणार टाळाटाळ करत आहेत, असा उलटा आरोप त्यात होता. आठवड्याने वर्तमानपत्रात जाहीर नोटीस छापून आली, सदर मिळकतीबाबत कोणी व्यवहार करू नये म्हणून. आपल्या घराचा नंबर असा छापलेला बघून हे दिवसभर जेवले नाहीत. पोलिसांकडे अर्ज दिला, तर कागदावर सह्या आहेत, बाब दिवाणी आहे, असं सांगण्यात आलं.

मग मुलीने एक वकीलबाई गाठून दिल्या. त्यांच्याकडून जे कळलं ते मला जानेवारीतच कळायला हवं होतं. नोटरी आणि नोंदणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटरी सह्यांची साक्ष देतो, घराच्या व्यवहाराची नोंद दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे सरकारी नोंदणी कार्यालयात होते. पण नोंदणी नाही म्हणून तो कागद रद्दी आहे, असं समजून निर्धास्त राहू नका. आमच्या सोसायटीतले सगळे तेच सांगत होते आणि ते चूक होतं. नोंदणी नसलेल्या करारनाम्याच्या आधारेही "ठरल्याप्रमाणे घर द्या" असा दावा लावता येतो, आणि तो लावायला तीन वर्षांची मुदत असते. निकाल आमच्या बाजूने लागण्याची शक्यता त्यांना चांगली वाटत होती. मात्र दावा चालू असेपर्यंत हे घर कोण घेणार?

खरा गिऱ्हाईक कसा ओळखायचा, हेही त्यांनी समजावलं. पुण्यात पुरुषाच्या नावावर घर घेताना सात टक्के मुद्रांक शुल्क पडतं, बाईच्या नावावर सहा. ८२ लाखांवर सात टक्के म्हणजे ५ लाख ७४ हजार, वर नोंदणीचे ३० हजार. ज्याला घर हवंय तो हे पैसे भरून साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, रजिस्टर करतो, कारण त्यात त्याचंच संरक्षण आहे. पाचशेच्या कागदावर सहा महिने मागणाऱ्याला घर नको असतं, वेळ हवा असतो. शिवाय किंमत ५० लाख किंवा त्याहून जास्त असेल तर घेणाऱ्याला एक टक्का टीडीएस कापून भरावा लागतो, त्यासाठी तो विकणाऱ्याचा पॅन नंबर मागतोच. आमचा पॅन त्या मुलाने कधी मागितला नाही.

एजंटच्या कार्डावर महारेराचा, म्हणजे घरबांधणी प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक होता. त्या क्रमांकावर आम्ही फार विसंबलो होतो. तो नोंदणी झालेल्या प्रकल्पांतल्या विक्रीसाठी असतो. आमच्यासारख्या सदतीस वर्षं जुन्या सोसायटीतल्या फ्लॅटच्या फेरविक्रीत त्याचा आम्हाला काही आधार नव्हता.

ऑक्टोबरात तडजोड केली. आम्ही विसाराचे दोन लाख परत द्यायचे आणि वर अडीच लाख. वर्षानुवर्षं कोर्टात जायची ह्यांच्या गुडघ्यांत ताकद नव्हती, आणि हे मी कुणाला पटवून देत बसणार नाही. बदल्यात मूळ कागद परत मिळाले, करारनामा रद्द केल्याचा लेख झाला आणि तसं त्यांच्याच खर्चाने वर्तमानपत्रात छापून घेतलं. ते छापून आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत, हा वकीलबाईंचा आग्रह होता, आणि तोच पुढे उपयोगी पडला. डिसेंबरात माझ्या जुन्या सहकारी बाईंच्या मुलाने घर घेतलं, ९१ लाखांना. त्यांनी पहिल्याच भेटीत पाण्याची वेळ विचारली, माझा पॅन मागितला, आणि साठेखत आधी रजिस्टर केलं. मूळ कागद मी वकीलबाईंच्या टेबलावर दाखवले आणि त्याच टेबलावरून परत पिशवीत घातले. नोंदणीच्या दिवसापर्यंत ते माझ्याजवळच होते.

नाशिकला येऊन आता दोन महिने झाले. परवा कोथरूडहून आमच्याच गल्लीतल्या एका बाईंचा फोन आला. यजमान गेले, मुलगा परदेशात, त्यांनाही घर विकायचंय. म्हणाल्या, "एक मुलगा येतो, फार चांगला आहे हो. माळा रिकामा करून देतो म्हणतोय." मी नाव विचारलं. तोच. आमच्या करारनाम्याच्या पाचही पानांचे फोटो मी त्यांना लगेच पाठवले, फोन चालूच ठेवला आणि सहावं कलम त्यांच्याकडून मोठ्याने दोनदा वाचून घेतलं.