पॉलिहाऊसातली तुळस-ब्राह्मी: फिरतं खतपाणी की कोकोपीट?

खानापूर आणि अथणी एकाच बेळगाव जिल्ह्यात, पण पाणी दोन मुलखांचं. म्हणून मातीविना औषधी वनस्पती घ्यायच्या तर पाइपात खतपाणी फिरवणारी एनएफटी की कोकोपीटच्या (नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या) पिशव्यांवर ठिबक, हा निर्णय दरपत्रक बघून घेऊ नका. आधी पाणी तपासा.

एनएफटीत तेच पाणी परत परत मुळांपाशी येतं, त्यामुळे खत वाचतं. पण झाडं नत्र-पालाश उचलतात आणि बोअरमधलं बरंचसं सोडियम-क्लोराइड मागे ठेवतात. ईसी मीटर (विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देणारा) १.६ दाखवतो, त्यातलं खत किती आणि मीठ किती, ते त्याला कळत नाही. क्षारट बोअर असेल तर टाकी वरचेवर ओतून द्यावी लागते, मग बचत कसली? त्यात बायकार्बोनेट जास्त असलं की पीएच (आम्ल-अल्कतेचा आकडा) ६.५ च्या वर चढतो, ईडीटीए लोह (लोहखताचा नेहमीचा प्रकार) निकामी होऊ लागतं आणि कोवळी पानं पिवळी पडतात. तिथे जास्त पीएचलाही टिकणारं डीटीपीए लोह घ्यावं.

खानापूर तालुक्यातल्या जांबोटी-कणकुंबीकडे पावसाचं पाणी साठवता येतं. त्यावर एनएफटी छान चालते, फक्त कॅल्शियम-मॅग्नेशियम सगळं आपल्यालाच द्यावं लागतं आणि पीएच रोज बघावा लागतो.

कोकोपीटमध्ये दिलेल्या पाण्यापैकी साधारण २०% निचरून जाऊ दिलं की क्षार धुऊन निघतात. निचरा शेजारच्या उसाला द्या. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली तर एनएफटीतली मुळं काही तासांत सुकतात; कोकोपीट ओल धरून ठेवतं. आमच्या भागात मला हा मुद्दा सगळ्यात मोठा वाटतो. मात्र कच्चं कोकोपीट कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात भिजवून धुतल्याशिवाय वापरू नका.

पिकाचंही बघा. ब्राह्मी मुळातच दलदलीतली, तिला एनएफटी मानवते. तुळस दोन्हीकडे येते. अश्वगंधेचं मूळच विकायचं, तेव्हा तिथे एनएफटीचा विचारच नको.

दोन्हीकडे कॅल्शियम नायट्रेट एका टाकीत, मॅग्नेशियम सल्फेट आणि फॉस्फेट दुसऱ्या टाकीत. घट्ट द्रावणं एकत्र केली की जिप्सम खाली बसतं, ड्रिपर तुंबतात.

राहिला नत्र. तो वाढवला की पाला भरघोस येतो, पण पानातली फिनॉलिक (औषधी गुणाची) द्रव्यं बहुधा विरळ होतात. म्हणून काढणीआधी नत्र कमी करून बघतात. एनएफटीत टाकी बदलली की काम झालं. कोकोपीटमध्ये आधीचं खत काही दिवस मुरलेलं राहतं. खरेदीदार वजनाआधी प्रयोगशाळेचा अहवाल मागत असेल, तर एनएफटीचं पारडं इथे जड होतं.