कर्ल की डब्ल्यूगेट?

कर्ल आणि डब्ल्यूगेट या टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चालणाऱ्या दोन कमांड; दोन्ही इंटरनेटवरून डेटा आणतात. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एखाद्या टॉवेलवाल्याच्या ऑनलाइन ऑर्डरी हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणायच्या असतील, तर आधी एपीआय (दोन सॉफ्टवेअरांनी एकमेकांशी बोलायची सोय) नीट उत्तर देतंय का ते टर्मिनलवर बघावं लागतं. इथे मी डोळे झाकून कर्ल घेतो. उत्तर थेट स्क्रीनवर येतं. कमांडपुढे डॅश देऊन मोठा एच लावला की हेडर, म्हणजे विनंतीसोबतची जादा माहिती, जोडता येतो, छोटा डी लावला की डेटा. डी दिला की विनंती आपोआप ‘पोस्ट’, म्हणजे डेटा पाठवणारी, होते. तरी लोक मोठा एक्स लावून पोस्ट लिहितातच! छोटा व्ही लावा, म्हणजे जाणारे-येणारे हेडर आणि टीएलएसची (सुरक्षित जोडणीची) बोलणीही दिसतात. टोकन (ओळख पटवणारा कोड) चुकलंय की साइटच्या सर्टिफिकेटची मुदत संपलीय, याचा पत्ता बहुतेकदा तिथेच लागतो.

डब्ल्यूगेटचा पिंड उतरवून ठेवण्याचा. जुन्या साइटवरचे चादरींचे सगळे फोटो हवे असतील, तर छोटा आर लावा. लिंकांमागून लिंका धरत तो स्वतः फिरतो. कर्लला हे येत नाही. मध्येच लाइट गेली तर छोट्या सीने अर्धवट फाइल पुढे चालू. कर्ललाही हे जमतं, पण मोठा सी आणि पुढे सुटा डॅश, हे कोण लक्षात ठेवणार? पत्ता बदलला असेल तर डब्ल्यूगेट आपणहून नव्या पत्त्यावर जातो, कर्लला मोठा एल सांगावा लागतो.

कारखान्यातल्या विंडोज १० वर कर्ल २०१८ पासून आयताच मिळतो. फक्त जुन्या पॉवरशेलमध्ये (विंडोजच्या कमांड खिडकीत) ‘कर्ल डॉट ईएक्सई’ असं पूर्ण नाव द्या, नाहीतर भलतीच कमांड चालते.