मेकॅनिकल की प्रॉडक्शन? ऑप्शन फॉर्म भरायच्या आधी वाचा

कॅप राउंड (इंजिनिअरिंग प्रवेशाच्या केंद्रीय फेऱ्या) जवळ आले की डिप्लोमा मेकॅनिकल झालेली मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, कारण डायरेक्ट सेकंड इयरला त्यांना दोन्ही ब्रँच टाकता येतात. मी पण डिप्लोमा मेकॅनिकल करूनच आलो आणि प्रॉडक्शन घेतलं, त्यामुळे माझं माप थोडं तिकडे झुकणार हे आधीच सांगून ठेवतो.

सेकंड इयरला फार फरक जाणवत नाही. एम-थ्री (तिसरं गणित), स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, थिअरी ऑफ मशीन्स, मटेरियल्स हे कमीजास्त दोघांनाही असतं, युनिव्हर्सिटीप्रमाणे सेमिस्टर इकडेतिकडे. रस्ते वेगळे होतात ते थर्ड इयरपासून. मेकॅनिकलला हीट ट्रान्सफर, टर्बोमशिन्स, रेफ्रिजरेशन अशी थर्मलची रांग लागते आणि मशीन डिझाइन जास्त खोल असतं, तर प्रॉडक्शनला मेटल कटिंग, टूल डिझाइन, जिग्ज फिक्स्चर्स (मशीनवर जॉब धरून ठेवायची साधनं), मेट्रॉलॉजी म्हणजे मोजमाप, एसक्यूसी म्हणजे आकडेवारीने क्वालिटी कंट्रोल, वर्क स्टडी म्हणजे कामाच्या पद्धतीचा आणि वेळेचा अभ्यास, ओआर म्हणजे ऑपरेशन्स रिसर्च.

माझा निर्णय खरं तर डिप्लोमाच्या थर्मल लॅबने केला. इंजिनची टेस्ट रिग महाग असते, मोठी असते, म्हणून ती सगळ्या बॅचला मिळून एकच. पुढच्या दोघातिघांना डायल दिसतो, मागच्यांना नुसता आवाज. आमच्याकडे तर ती बऱ्याचदा बंदच असायची, मग रीडिंग सीनियरच्या जर्नलमधून उतरवायची आणि त्यावरून ब्रेक थर्मल एफिशियन्सी (इंधनातल्या उष्णतेपैकी किती कामाला आली), हीट बॅलन्स शीट, ग्राफ असं सगळं सुबक काढून सबमिट करायचं. कुणाला हे किरकोळ वाटेल, पण मला ते फार लागायचं. जो आकडा आपण बघितलाच नाही त्याच्यावर तीन तीन पानं गणित करायचं, आणि ओरलला एक्सटर्नलने एवढंच विचारलं की लोड वाढवल्यावर फ्युएल किती वाढलं तुम्हाला दिसलं, तर सांगायला काही नाही. पुढची तीन वर्षं असं करायची माझी तयारी नव्हती.

आता प्रॉडक्शनची लॅब बघा. मायक्रोमीटर, कोन मोजायचा साइन बार, अचूक जाडीचे स्लिप गेज, स्टॉपवॉच, या वस्तू त्या मानाने स्वस्त, त्यामुळे प्रत्येकाच्या हातात येतात. एकच पीस दोघांनी मोजला आणि एक शतांश मिलीमीटरचा फरक आला की लगेच वाद, कुणी मायक्रोमीटरचा रॅचेट (दाब सारखा ठेवणारी टोकाची कळ) न वापरता जोरात आवळलं, कुणी पीस नीट पुसला नव्हता. तिथे टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, काय असतो ते जे कळतं ते आयुष्यभर राहतं असा माझा अनुभव आहे. वर्क स्टडीचा फॉर्म्युला एका ओळीचा आहे, ऑब्झर्व्ह्ड टाइमला रेटिंगने (ऑपरेटरचा वेग नेहमीच्या वेगाच्या किती टक्के) गुणायचं, विश्रांती वगैरेचा अलाउन्स मिळवायचा, झाला स्टँडर्ड टाइम. पण वर्कशॉपमध्ये ड्रिलवरच्या ऑपरेटरसमोर स्टॉपवॉच घेऊन उभं राहिलं की त्याचा हात लगेच बदलतो, मग रेटिंग ९० द्यायचं की ११० हे ठरवायला त्या माणसाकडे नीट बघावं लागतं, त्याच्याशी बोलावं लागतं, आणि हे कुठल्याच जर्नलमधून उतरवता येत नाही. फिक्स्चर डिझाइनचं पण तसंच. जॉब पक्का बसवायचा ३-२-१ नियम सगळ्यांना पाठ असतो, तळाला तीन पॉइंट, बाजूला दोन, टोकाला एक, पण कुठला फेस तळ धरायचा याचं एकच उत्तर नसतं. सर विचारतात चिप्स कुठे साठतील, क्लॅम्प आवळला की जॉब उचलला जाईल का, ऑपरेटरने उलटा बसवला तर, आणि आपलं ड्रॉइंग आपल्यालाच लढवावं लागतं. मला ते फार आवडायचं.

अर्थात ज्या कॉलेजात थर्मलच्या रिग व्यवस्थित चालू आहेत तिथल्या मुलांना माझं म्हणणं पटणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

प्रॉडक्शनचा त्रास नाही असं नाही. पहिला त्रास फॉर्मचा. बऱ्याच ठिकाणी ब्रँचच्या यादीत प्रॉडक्शन दिसतच नाही, मग अदर टाका किंवा एचआरला मेल करून विचारा. पीएसयूच्या (सरकारी कंपन्यांच्या) जाहिरातीत कधी मेकॅनिकलसोबत प्रॉडक्शन चालतं, कधी नाही, प्रत्येक जाहिरात शेवटपर्यंत वाचावी लागते. गेटला (एमटेकच्या प्रवेश परीक्षेला) प्रॉडक्शन अँड इंडस्ट्रियलचा स्वतःचा पीआय पेपर आहे, पण यूपीएससीच्या इंजिनिअरिंग सर्व्हिसेसला सिव्हिल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉम एवढेच चार गट, म्हणजे मेकॅनिकलचा पेपर द्यायचा आणि थर्मल स्वतः बसून करायचं. शिवाय कॉलेजं मोजकी. मुंबईचं व्हीजेटीआय, नांदेडचं एसजीजीएस ही नावं पटकन आठवतात, पुण्याच्या सीओईपीत याच धाटणीची ब्रँच मॅन्युफॅक्चरिंग सायन्स अँड इंजिनिअरिंग नावाने आहे. जवळपास धड प्रॉडक्शन नसेल आणि मेकॅनिकल चांगलं मिळत असेल तर उगाच हट्ट करू नका.

पण नोकरीचं म्हणाल तर भोसरी, चाकण, वाळूज, सातपूर अशा औद्योगिक भागांत मेकॅनिकलच्या मुलांना पहिली पोस्ट बहुतेक प्रॉडक्शन, क्वालिटी, पीपीसी (उत्पादनाचं नियोजन) नाहीतर व्हेंडर डेव्हलपमेंटचीच (पुरवठादार तयार करण्याची) मिळते. ऑटोमोटिव्ह कस्टमर सीपीके (प्रोसेस टॉलरन्समध्ये किती आरामात बसते याचा आकडा) १.३३ मागतो, नवीन पार्टला १.६७ पण मागतो, तिथे एक्स बार-आर चार्ट (रीडिंगची सरासरी आणि फरक दाखवणारा क्वालिटीचा तक्ता) कॉलेजात स्वतःच्या रीडिंगवर काढलेला असला की पहिले काही महिने बरेच हलके जातात, निदान माझे गेले.

पॉवर प्लांट, एचव्हीएसी (एअर कंडिशनिंग, व्हेंटिलेशन), सीएफडी (कॉम्प्युटरवर द्रव-वायूच्या प्रवाहाचं गणित) किंवा सरकारी परीक्षा डोक्यात असेल तर मेकॅनिकल वर टाका, त्यात दुमत नाही. पण शॉप फ्लोअर आवडत असेल आणि एकाच कॉलेजात दोन्ही ब्रँच मिळत असतील तर मी तरी प्रॉडक्शन एक नंबरला टाकेन. आणि सँडविच पॅटर्न (मधे काही महिने कंपनीत ट्रेनिंग) असेल तर ऑफिसमध्ये न विचारता थर्ड इयरच्या मुलांना विचारा की इनप्लांट ट्रेनिंगची कंपनी कॉलेज बघून देतं की स्वतः शोधावी लागते, आणि तिथे मशीनजवळ उभं करतात की एक्सेल भरायला बसवतात.