जेटीला बांधलेली बोट ६ नॉटने पळत होती आणि मी पैसे मोजत होतो

लिहायला लाज वाटते, घरात पण अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. ७२,७०० रुपये गेले. पावसाळ्यातली मासेमारी बंदी संपायला आली की बोटीवर मशीनं जोडून देतो म्हणणारे हे लोक बंदरावर फिरायला लागतात, आपल्याला १ ऑगस्टला बोट काढायची घाई असते ते त्यांना बरोबर माहीत असतं.

माझा प्लॉटर (नकाशावर बोट दाखवणारा), फिशफाइंडर (खोली आणि मासे दाखवणारा) आणि एआयएस (आजूबाजूची जहाजं दाखवणारा) तिन्ही वेगवेगळे चालायचे. त्यातलाच एक जण आला, म्हणाला एनएमईए २००० चं नेटवर्क टाकतो, म्हणजे सगळी मशीनं एकाच केबलवर बोलतात, एआयएस जुन्या एनएमईए ०१८३ पद्धतीचा आहे त्याला कन्व्हर्टर लावतो, सगळं एका स्क्रीनवर. ४०,००० ॲडव्हान्स, काम झाल्यावर २८,५००, आणि वर ४,२०० 'ॲक्टिव्हेशन'चे. वायरीतून डेटा जातो त्याला कसलं डोंबलाचं ॲक्टिव्हेशन! पण दिले.

३० जुलैला डेमो दाखवला. स्क्रीनवर जहाजांचे त्रिकोण, खोली १८ मीटर, स्पीड ६ नॉट. अरे बोट जेटीला बांधलेली, खाली दोन वाव पाणी नाही आणि १८ मीटर कुठून आलं? मी स्पीडचं विचारलं पण, तर म्हणे जीपीएस सेट होतोय. आमचा खलाशी पोरगा म्हणाला शेठ वर कोपऱ्यात काहीतरी लिहिलंय बघा, मी त्यालाच गप्प केलं. सिम्युलेटर लिहिलेलं होतं!! दुकानात गिऱ्हाइकाला खोटे आकडे दाखवायला असतो तो मोड. २२ वर्षं समुद्रात आहे मी, अडाणी नाही, पण त्या दिवशी बर्फ, डिझेल, जाळी, खलाशांची उचल सगळं एकदम डोक्यावर होतं, कुणाचंही झालं असतं असं.

बाहेर गेल्यावर मशीन बंद करून चालू केलं तर खोलीच्या जागी नुसत्या रेघा आणि एकही जहाज नाही, समोरून मोठं जहाज डोळ्याने दिसतंय तरी. परत येऊन पॅनल उघडलं तर केबल टेपने चिकटवून आत सोडून दिलेली. कन्व्हर्टरच्या डब्यात एक लाइट आणि एक रेझिस्टर, बास. ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने सांगितलं की या नेटवर्कच्या केबलच्या दोन टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर, म्हणजे टोकाचे रेझिस्टर असतात, पॉवर बंद करून पांढऱ्या आणि निळ्या वायरीत मीटर लावला की ६० ओहमच्या आसपास यायला पाहिजे. दोन मिनिटांचं काम, पैसे द्यायच्या आधी करा. आणि २४ व्होल्टची बॅटरी थेट या नेटवर्कला द्यायची नसते, १२ लागतात, फ्यूज घालून. हे काम करायला येईल त्याला विचारा, चाचरला तर हाकला.

चौकीत गेलो, म्हणे तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेत, सिव्हिल मॅटर आहे. सायबर हेल्पलाइनवाले म्हणे ओटीपी गेला का? नाही गेला. मग आमच्यात बसत नाही. ग्राहक तक्रारीला गेलो तर म्हणे बोट धंद्याची, तुम्ही ग्राहक नाही. २०१९ च्या कायद्यात स्वतःच्या पोटापाण्याच्या कामासाठी घेतलं तर चालतं असं आहे, ते मीच त्यांना सांगायचं का? तीन खेपा झाल्या, प्रत्येक खेपेला एक दिवसाचा धंदा बुडाला तो वेगळाच.

पक्कं बिल घ्या. माझ्याकडे वहीच्या कागदावर सही आहे फक्त. तो कागद आणि डबा दोन्ही चौकीत टेबलावर ठेवले, साहेबांनी डबा बॅटरीला लावायला सांगितला आणि म्हणाले, लाइट तर लागतेय की.